शरदातली लेक ट्राउट: ट्रोलिंग करताना डाऊनरिगरचा गोळा किती खोल सोडायचा?

गरीवाला_इथाका

नमस्कार मंडळी. मासेमारीवर इथे कोणी लिहितं का माहीत नाही, पण मनात दोन वर्षं साठलेला प्रश्न आहे, म्हणून धागा काढतोय.

मी न्यूयॉर्क राज्यात इथाकाला राहतो. समोर कायुगा सरोवर. ३८ मैल लांब, चिंचोळं, सर्वांत खोल जागी ४३५ फूट. फिंगर लेक्स म्हणजे इथल्या बोटांसारख्या लांबट सरोवरांपैकी एक. गावी देवगडला वडिलांबरोबर खडपावर बसून गरवायचो, ती सवय इथे लेक ट्राउट या थंड पाण्यातल्या माशावर येऊन थांबली. १८ फुटी ॲल्युमिनियमची होडी आहे, मागे दोन जुने डाऊनरिगर बसवले आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डाऊनरिगर म्हणजे होडीच्या कडेला बसवलेलं पोलादी तारेचं रहाट. तारेच्या टोकाला आठ-दहा पौंडी शिशाचा गोळा. आपल्या रॉडची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा हवा तेवढा खाली सोडायचा. होडी चालण्याच्या वेगाने पुढे जाते आणि आमिष ऐंशी-शंभर फूट खोलीवर तिच्यामागून येत राहतं. असं आमिष ओढण्यालाच ट्रोलिंग म्हणतात. रॉड धनुष्यासारखा वाकवून ठेवलेला असतो. मासा लागला की चिमटा सुटतो, रॉड टपकन सरळ होतो, आणि मग मधे गोळा-बिळा काही नाही, तुम्ही आणि मासा.

जुलै-ऑगस्टमध्ये मला कधी अडचण येत नाही. ऐंशी फुटांवर गोळा सोडायचा, मासा मिळतोच. ऑक्टोबर लागला की सगळं बिघडतं. सगळे म्हणतात शरदात लेक ट्राउट उथळ पाण्यात येते. म्हणून गेल्या ऑक्टोबरात टॉघॅनॉक पॉइंटजवळ पंचवीस-तीस फुटांवर ओढत होतो. दिवसभरात एकच नर लागला. वर घेतला तेव्हा पोटावर हात पडला आणि पांढरं वीर्य माझ्या बोटांवर आलं. तो प्रजननासाठी तिथे आला होता. लगेच सोडला, पण त्या दिवशी पुन्हा गळ टाकावासा वाटला नाही.

तर प्रश्न दोन. शरदात नेमक्या कोणत्या खोलीवर ओढायचं? आणि या दिवसांत ओढावं का?

अपूर्वा_के

शीर्षकात ट्राउट नसतं तर 'ट्रोलिंग' शब्द वाचून मी धागा न उघडताच पळाले असते. :) मासेमारीतलं काही कळत नाही, पण मस्त लिहिलंय. वाचतेय.

उत्तरवारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. 'शरदात उथळ पाण्यात येते' हे अर्धं खरं आहे. लेक ट्राउटला ४८ ते ५२ फॅरनहाइटचं पाणी आवडतं, म्हणजे साधारण ९ ते ११ सेल्सियस. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलेलं असतं, खाली थंड, आणि दोन्हींच्या मधे एक पातळ पट्टा असतो जिथे तापमान झपाट्याने उतरतं. मासा त्या पट्ट्याच्या जरा खाली राहतो. लहान, उथळ तळ्यात ऑक्टोबरात वरचं पाणी थंड होऊन जड होतं, बुडतं, सगळं पाणी ढवळून एक होतं. मग मासा कुठेही असू शकतो.

कायुगा आणि सेनेका लहान तळी नाहीत. सेनेका तर ६१८ फूट खोल. एवढं पाणी थंड व्हायला वेळ लागतो. ऑक्टोबरच्या मध्याला वरचं पाणी साठ फॅरनहाइटच्या आसपास असतं आणि तो पट्टा मोडलेला नसतो, उलट उन्हाळ्यापेक्षा खाली सरकलेला असतो. म्हणून ऑगस्टच्या सवयीने ८० फूट पकडून बसलात तर मासा तुमच्या गोळ्याच्या खाली असणार.

सवयीचा आकडा सोडा. थर्मामीटर खाली सोडा. गोळ्यावर बसणारा तापमापक मिळतो, तो परवडत नसेल तर दोरीला साधा थर्मामीटर बांधून दर दहा फुटांवर नोंद घ्या. वीस मिनिटांचं काम आहे.

कॉर्नेलची_नीता

अवांतर आहे, पण याच थंड पाण्याबद्दल. कॉर्नेल विद्यापीठाचं कॅम्पस उन्हाळ्यात कायुगाच्या पाण्याने थंड होतं! २००० सालापासून. सुमारे २५० फूट खोलीवरून पाणी उपसतात, ते बारा महिने चाळीस फॅरनहाइटच्या आसपास असतं. त्याची थंडाई कॅम्पसच्या बंद नळांतल्या पाण्याला देतात आणि तळ्याचं पाणी तळ्यात परत सोडतात. ऑगस्टात लायब्ररीत स्वेटर घालून बसायचे तेव्हा हे माहीत नव्हतं. म्हणजे मी आणि लेक ट्राउट एकाच थंडाईत होतो तर.

गरीवाला_इथाका

उत्तरवारा, हे डोक्यात प्रकाश पाडणारं आहे. पण एक अडतं. मागच्या ऑक्टोबरात दोन दिवस जोरदार दक्षिण वारा होता, तिसऱ्या दिवशी मी गेलो. त्या दिवशी सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) मासे चक्क पन्नास फुटांवर दिसत होते, इथाकाच्या बाजूला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते खाली हवे होते ना?

उत्तरवारा

उलट यात सगळं जमतं! तळं दक्षिणोत्तर लांब आणि चिंचोळं आहे. दक्षिण वारा वरचं कोमट पाणी उत्तरेकडे ढकलतो. तिकडे कोमट थर जाड होतो आणि इथाकाकडे खालचं थंड पाणी वर येतं. परातीत पाणी घेऊन एका बाजूने फुंकर मारून बघा. वारा पडला की तो कललेला थर परत झुलतो, दिवसचे दिवस पुढेमागे होत राहतो. वरून तळं आरशासारखं शांत असतं आणि खाली हा झोपाळा चालू असतो. म्हणून काल साठ फुटांवर मासा मिळाला म्हणून आज साठावर जाऊ नका. काल आणि परवा वारा कुठून होता ते आधी बघा.

खाडीकाठ

वारा बघून दर्यात जायचं हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. तळ्यालाही लागू पडतं हे वाचून बरं वाटलं.

गणिती_प

एक हिशेब राहिला. डाऊनरिगरवरचा आकडा खोली दाखवत नाही, किती तार सोडली ते दाखवतो. होडी पुढे जाते तसा गोळा मागे ओढला जातो आणि तार तिरकी होते. तार उभ्या रेषेपासून ३० अंश तिरकी असेल तर १०० फूट तारेवर गोळा ८७ फुटांवर असतो. प्रत्यक्षात तार सरळ नसते, पोटात वाकते, त्यामुळे हिशेब ढोबळ. वेग वाढला, गोळा हलका असला की फरक वाढतो. आठ पौंडी गोळा काढून बारा पौंडी लावला तर तार बरीच सरळ राहते.

सोनारचा कोन रुंद असेल तर पडद्यावर गोळ्याची रेघ दिसते. तीच खरी खोली माना.

मिशिगनकर

मी मिशिगन सरोवरावर वीस वर्षं करतोय, थोडं सविस्तर लिहितो.

वेग. सॅमन माशाला ताशी अडीच-तीन मैल लागतात, लेक ट्राउटला तो वेग जास्त होतो. दीड ते दोन मैल ठेवा. मी होडीच्या मागे पाण्यात बादल्या सोडून वेग मारतो, त्यासाठी छत्रीसारख्या कापडी पिशव्याही मिळतात.

आमिष. गोळ्यामागे दहा-पंधरा फुटांवर चकचकीत डॉजर, म्हणजे डुलत जाणारी धातूची पट्टी, त्याच्यामागे दीड-दोन फुटांवर स्पिन-एन-ग्लो, म्हणजे पाकळ्या फिरणारा रंगीत मणी. लेक ट्राउटसाठी आमच्याकडे हीच जोडी सगळ्यात जुनी आणि भरवशाची. गोळा तळाच्या इतका जवळ ठेवायचा की अधूनमधून चिखलाला टेकून धुरळा उडावा. रॉडचं टोक टेकल्यावर हलकेच मान हलवतं. तो धुरळा बघायला मासा येतो. आता सगळीकडे गोबी नावाचा बाहेरून आलेला तळाचा मासा झालाय, लेक ट्राउट तो आवडीने खाते, त्यामुळे तळाशी ओढण्याला आणखी अर्थ आलाय.

पण उथळ, स्वच्छ पाण्यात गोळ्यापासून आमिष लांब ठेवा, साठ-सत्तर फूट. तिथे गोळ्याची आणि तारेची गुणगुण माशाला बुजवते.

उसळप्रेमी

तार गुणगुणते?

मिशिगनकर

हो, पाण्यातून ओढली जाताना थरथरते. पायाने होडीचा काठ दाबून उभं राहिलं की तळव्याला जाणवतं. वेग वाढला की सूर चढतो. मी आता वेगमापकाकडे कमीच बघतो.

सावधान_होडीवाला

चिखलाला गोळा टेकवायचा सल्ला वाचून माझा अनुभव सांगणं भाग आहे. पाच वर्षांपूर्वी ओंटारिओ सरोवरावर माझा गोळा खडकात अडकला. होडी पुढे चाललेली, मागून लाटा. तार ताणली, होडीचा मागचा भाग खाली ओढला गेला आणि एक लाट थेट आत आली. पायात घोट्यापर्यंत पाणी. रहाटाचा ब्रेक इतका आवळून ठेवला होता की तार सुटेना. शेवटी पक्कडने कापली, गोळा गेला, आम्ही वाचलो. बरोबर माझा मुलगा होता. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

ब्रेक असा ठेवा की जोर पडला तर तार सुटावी. तार कापायची पक्कड खिशात, खोक्यात नाही. तळाशी ओढताना खडकाळ जागा टाळा. आणि न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबरपासून १ मेपर्यंत २१ फुटांखालच्या होडीत प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगावर घालणं कायद्याने बंधनकारक आहे. गरीवाला, तुमची १८ फुटी आहे. ऑक्टोबरातही घालाच. त्या थंड पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटाला श्वासच आवरत नाही, पोहता येण्याचा उपयोग नंतर.

मिशिगनकर

+१. हे मी आधी लिहायला हवं होतं.

खाडीकाठ

मी दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. मी कोळी, वसईकडचा. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, ६१ दिवस. सरकारने कायदा केला तो नंतर. त्याच्या आधीपासून पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात जायचे. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो हे एक कारण, आणि त्याच दिवसांत पुष्कळ मासे अंड्यावर असतात हे दुसरं. माझी आजी गाभोळी असलेली मासळी दिसली की म्हणायची, 'ही एक नाही घेतली, हजार घेतल्या.'

तुमच्या बोटांवर वीर्य आलं आणि तुम्ही थांबलात, बरोबर केलंत.

मिशिगनकर

खाडीकाठ, आदर ठेवून थोडा वेगळा सूर. फिंगर लेक्समध्ये लेक ट्राउट वर्षभर खुली आहे. शिवाय कायुगात दर शरदात राज्याचा मत्स्यविभाग जाळ्यात प्रौढ मासे धरतो, अंडी-वीर्य काढून हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवतो आणि पिलं सोडतो. गळाने दोन-चार मासे धरणाऱ्याने वंश बुडत नाही. खाण्यापुरता एखादा घेतला तर मला त्यात चूक दिसत नाही.

खाडीकाठ

कायद्याने चूक नसेल. पण सगळ्यांनीच 'माझ्या दोन-चारांनी काय होतंय' म्हटलं की पापलेटचं काय झालं ते आम्ही बघतोय. आमच्या लहानपणी पापलेट ताटाबाहेर जायचं. आता बाजारात तळहाताएवढी पिलं विकायला असतात.

सरोवर_अभ्यासक

दोघांच्याही मुद्द्यांना धरून, जरा इतिहास सांगते, कारण लेक ट्राउट हा मासा एकदा खरोखर जवळजवळ गेला होता.

ग्रेट लेक्स म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेकडची पाच मोठी सरोवरं. त्यातल्या एरी आणि ओंटारिओ यांच्यामध्ये नायगारा धबधबा. तो समुद्री लॅम्प्रेला अडवून होता. लॅम्प्रे म्हणजे सापासारखा लांबट, जबडा नसलेला जीव. गोल तोंडात दातांची वर्तुळं, माशाला चिकटून रक्त शोषतो. जहाजांसाठी वेलँड कालवा झाला, पुढे सुधारला, आणि लॅम्प्रेला वाट मिळाली. १९२१ मध्ये एरीत, १९३६ मध्ये मिशिगनमध्ये, १९३८ मध्ये सुपीरियरमध्ये सापडला. बेसुमार मासेमारी आधीच चालू होती. १९५० च्या दशकापर्यंत मिशिगन सरोवरातली लेक ट्राउट संपली. सुपीरियरमध्ये थोडी उरली.

मग हजारो रसायनं तपासून १९५० च्या दशकाच्या अखेरीस टीएफएम हे एक सापडलं, जे ओढ्यांतली लॅम्प्रेची पिलं मारतं आणि बाकी माशांना फारसा धक्का लावत नाही. आजही दर वर्षी ते वापरावं लागतं. २०२४ मध्ये ग्रेट लेक्स फिशरी कमिशनने जाहीर केलं की सुपीरियरच्या बहुतांश भागात लेक ट्राउट पूर्ववत झाली आहे. सत्तर वर्षं लागली.

आणि यात फिंगर लेक्सचा वाटा मोठा आहे. सेनेका सरोवरात लॅम्प्रे आणि लेक ट्राउट दीर्घ काळ एकत्र नांदले आहेत, त्यामुळे तिथला वाण लॅम्प्रेच्या हल्ल्यातून जास्त वाचतो. ह्युरॉन, मिशिगन, ओंटारिओमध्ये पिलं सोडताना हा सेनेका वाण मुद्दाम वापरला. गरीवाला, तुमच्या शेजारच्या तळ्यातल्या माशांची नातवंडं शेकडो मैलांवर पोहतायत.

लेक ट्राउट सावकाश वाढते. अंडी घालण्याजोगी व्हायला सहा-सात वर्षं, कधी जास्त. ती सॅमनसारखी घरटं खणत नाही. रात्री खडकाळ उंचवट्यावर जमतात, अंडी दगडांच्या फटींत पडतात आणि हिवाळाभर तिथेच राहतात. नर आधी येतात आणि जास्त दिवस थांबतात, म्हणून तुम्हाला नर लागला. या काळात ते खाण्याकडे फार लक्षही देत नाहीत.

उत्तरवारा

मग दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच नाही का? जे मासे उंचवट्यावर आहेत ते खात नाहीत, आणि आपण त्यांना त्रास देऊ नये. जे खातायत, म्हणजे अजून वयात न आलेले आणि अंडी घालून परतलेले, ते बाहेर खोल थंड पाण्यात आहेत. डाऊनरिगर तिथेच लागतो.

खाडीकाठ

हे पटलं.

मिशिगनकर

मलाही.

तिरफळ

आता मुद्द्याचं. खायला कशी लागते?

मिशिगनकर

तेलकट, बांगड्याच्या जवळ जाणारी. मांस कधी केशरी, कधी पांढरट, खाण्यावर अवलंबून. सुपीरियरच्या खोल पाण्यात एक जात आहे, सिस्कोवेट, ती इतकी चरबीची की ओजिब्वे भाषेत त्या नावाचा अर्थच 'स्वतःच शिजणारी' असा सांगतात. ती धुरावर भाजूनच चांगली.

तिरफळ

बांगड्यासारखी असेल तर तिखलं झालंच पाहिजे. सुकी मिरची, धणे, हळद, थोडी चिंच, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. खोबरं अगदी कमी, माशाचं स्वतःचं तेल पुरेसं आहे. तुकडे जाड ठेवा, ढवळू नका, पातेलं हलवा.

कॉर्नेलची_नीता

करा, पण कातडं आणि पोटाकडची, पाठीवरची चरबी काढून करा. मोठ्या, वयस्कर लेक ट्राउटच्या चरबीत पीसीबीसारखी प्रदूषकं साठतात. राज्याचा आरोग्य विभाग तळ्यागणिक किती खावं ते छापतो, बायका आणि मुलांसाठी वेगळं. लहान मासा खा, मोठा सोडा.

तिरफळ

चरबी काढायची म्हणजे तिखल्याचा जीवच काढायचा. पण ठीक, लहान मासा घेऊ.

रॉचेस्टरकर_जुना

मोठा सोडायचा तर तो जगतो का, अशी शंका कोणाला आली असेल तर: शंभर फुटांवरून वर आणलेल्या अनेक माशांची हवेची पिशवी फुगते आणि ते खाली जाऊ शकत नाहीत. लेक ट्राउटची पिशवी घशाला जोडलेली असते, ती हवा बाहेर टाकू शकते. मासा वर येताना त्याच्या आधी बुडबुड्यांची माळ येते, ती हीच. सावकाश वर घ्या, ओल्या हाताने धरा, पाण्याबाहेर ठेवू नका.

आणि एक आमच्या गावचा अभिमान. डाऊनरिगर १९६० च्या दशकात ग्रेट लेक्समध्ये सॅमन सोडल्यावर लोकप्रिय झाला, पण खोल पाण्यात आमिष ओढायची कल्पना फिंगर लेक्समध्ये त्याच्या कितीतरी आधीची. रॉचेस्टरचा सेथ ग्रीन, ज्याने १८६४ मध्ये कॅलेडोनियाला मत्स्यबीज केंद्र काढलं, त्याच्या नावाची पद्धत इथे अजून चालते. एक जड वजन, एक लांब दोरी, आणि तिला ठरावीक अंतरावर चमच्यासारख्या आमिषांच्या चार-पाच फांद्या. माझे शेजारी ऐंशीचे आहेत, ते अजून हातानेच ओढतात. एका फेरीत पाच वेगवेगळ्या खोलीचं पाणी तपासून होतं. गरीवाला, तापमापक नसेल तर हाही मार्ग आहे.

गरीवाला_इथाका

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी जाऊन आलो, वृत्तांत देतो.

टॉघॅनॉक पॉइंट लांबूनच ओलांडला. समोरच्या किनाऱ्याच्या अलीकडे, मधोमध खोल पाण्यात गेलो. आधी थर्मामीटर सोडला. साठ फुटांपर्यंत ५८, सत्तरला ५६, ऐंशीला ५३, नव्वदला ४९. दोन दिवस वारा उत्तरेचा होता, म्हणजे कोमट पाणी माझ्याच बाजूला साचलं होतं. ऑगस्टच्या आकड्यावर गेलो असतो तर रिकामाच परतलो असतो. शंभर फूट तार सोडली, पडद्यावर गोळा एक्याण्णवला दिसला. वेग पावणेदोन.

पहिला तास काही नाही, फक्त दोरीवर काटेरी पाणपिसवांचे, म्हणजे पाण्यातल्या इवल्या जीवांचे, कापसासारखे गोळे. बोटांनी निपटून काढले. मग उजवा रॉड टपकन सरळ झाला. मी धावत जाऊन फिरकी मारायला लागलो, आधी दोरी सैल, सैल, आणि मग एकदम जड. मासा झुंजत नाही, मान हलवतो. धप्, धप्, धप्, हातातून खांद्यापर्यंत. दहा मिनिटांनी बुडबुडे आले, मग करडं अंग आणि त्यावरचे फिके ठिपके, आणि पोटाखालच्या परांना पांढरी किनार. साधारण वीस इंचाची. पोट चपटं. कुशीवर बरा झालेला, रुपयाच्या नाण्याएवढा गोल व्रण होता. लॅम्प्रेचा. सरोवर_अभ्यासक, तुमची फार आठवण आली.

आणखी दोन लागल्या. एक मोठी होती, सोडली. लहानपैकी एक घरी आणली आणि तिरफळं घालून तिखलं केलं, कातडं काढून. आईला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली रंग बांगड्याचा नाही पण रस्सा बरोबर दिसतोय.

सरोवर_अभ्यासक

व्रण भरलेला म्हणजे ती वाचली. वा!

तिरफळ

आई म्हणाली ना, मग झालं.

सावधान_होडीवाला

पक्कड कुठे होती?

गरीवाला_इथाका

खिशात. आणि ब्रेक सैल. तुमचा प्रतिसाद बायकोने वाचून दाखवला निघण्याआधी.

रॉचेस्टरकर_जुना

पुढच्या शनिवारी एक जागा आहे का? मी सेथ ग्रीनची दोरी घेऊन येतो, एका बाजूला डाऊनरिगर, एका बाजूला ती. बघू कोणाला आधी लागते.

गरीवाला_इथाका

आहे. सकाळी साडेसहाला धक्क्यावर या. लाइफ जॅकेट तुमचं आणा, माझं जादाचं लहान मापाचं आहे. आणि शुक्रवारचा वारा बघून ठेवा.